फुफाट्यातलं केळं

वराळ्याच्या सरुबाईच्या दारात कुणीही जावं आणि म्हणावं, "मावशी, एक केळं भाजून द्या की." बाई हातातलं काम तिथंच टाकून उठायची. जात्यात दाणे असोत, म्हशीची धार निम्मी झालेली असो, उठायची म्हणजे उठायची. परसात टांगलेल्या घडातून एक केळं मोडायची, चुलीतला आर, म्हणजे धगधगते निखारे, पुढं ओढायची आणि पाट घेऊन बसायची. डोहाळकरणी यायच्या, तापातून उठलेली, तोंडाची चव गेलेली माणसं यायची, वडगावच्या बाजाराला निघालेला एखादा उपाशी वाटसरूही यायचा. कुणाला तिनं नाही म्हटलं नाही. आणि "उद्या या" असं तर चुकूनही म्हटलं नाही. गाव म्हणायचं, बाईचं मन मोठं. गावाला काय जातंय म्हणायला! तिनं स्वतः त्या केळ्याचा तुकडा चोवीस वर्षं जिभेवर ठेवला नव्हता, ते कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

एक माणूस तिच्यापाशी केळं मागता मागता जगातून गेला होता आणि तिनं ते दिलं नव्हतं. तो माणूस तिचा नवरा होता. बाकी सगळं त्याच्यापायी.

सरूचं माहेर लोणावळ्याच्या पलीकडच्या एका वाडीतलं. तिकडं पाऊस चार महिने उसंत घेत नाही, त्यामुळं बनकेळी अशा माजतात की कुंपणाला नकोशा होतात. दहाव्या वर्षी तिचं लग्न झालं. बापाच्या अंगावर धड सदरा नव्हता, तो लेकीच्या अंगावर काय घालणार? आईनं निघताना केळीचं एक पिल्लू मुळासकट उकरलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं. "तितं जीव लागंना तर हिच्याशी बोलत जा," म्हणाली. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत आगगाडीत नवरी ते पोतं कवटाळून बसली होती. मातीचं पाणी शालूवर झिरपलं ते वेगळंच.

सासूनं, विठाबाईनं, उंबऱ्यातच कपाळाला हात लावला. "अगं बया! लोकांच्या सुना नथ घालून येत्यात, आमची खुंट घेऊन आली!" तोंडानं असं बोलली खरी, पण त्याच दिवशी कुदळ घेऊन न्हाणीच्या मागं, जिथं आंघोळीचं पाणी जातं तिथं, तिनंच खड्डा खणला. विठाबाई अशीच होती. जीभ काटेरी, हात मऊ. तीन पावसाळ्यांत तिथं केळीचं बेट झालं.

केळं भाजायला सरूला सासूनंच शिकवलं. पोरीनं पहिल्या दिवशी केळं जाळावर धरलं. साल करपली, आत दगड. विठाबाईनं ते तिच्या हातातून घेतलं आणि म्हशीपुढं टाकलं. "आता बघ." चुलीतला आर तिनं पुढं ओढला, त्यावर राख भुरभुरली आणि छान फुफाटा केला. कच्च्या केळ्याला बाभळीच्या काट्यानं दोन ठिकाणी टोचलं, नाहीतर ते फुटून अंगावर येतं. मग ते फुफाट्यात पुरलं आणि सुनेचं डोकं धरून खाली वाकवलं.

"केळं डोळ्यानं भाजत न्हाईत पोरी, कानानं भाजत्यात. आदी ते कुरकुरतंय, मग रडतंय, मग गप हुतंय. गप झालं की उचल. रडताना उचललंस तर कच्चं, आन् गप झाल्यावर नुसती बसून ऱ्हायलीस तर कोळसा."

कच्चं असेल तर सोलून, लसूण-मिरची-मिठात रगडून, वर कच्च्या तेलाची धार सोडून भाकरीबरोबर तोंडी लावायचं. पिकलेलं असेल तर पुरायचं नाही, आरावर नुसतं लोळवायचं. साल काळी होऊन चिरली की मधोमध उघडून आत गुळाचा खडा आणि तुपाचं बोट. वर्षभरात सरूचा कान इतका तयार झाला की विठाबाई त्या कामातून उठलीच. "भाज बाई तूच, तुज्या म्हायेरचं हाय," म्हणायची.

हौशीराम, म्हणजे सरूचा नवरा, रुळांच्या गँगवर होता. आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्या काळी नवऱ्यानं आईसमोर बायकोला नावानं हाक मारायची सोय नव्हती, मग तारीफ तर लांबच राहिली. हा गडी जेवायला बसला की भाजलेल्या केळ्याकडं बघून आईला विचारायचा, "हे कुनी भाजलंय? तू का तिनं?" विठाबाई म्हणायची, "तिनंच." मग हा काही बोलायचा नाही. दुसरं केळं मागायचा. आणि ते झालं की साल हातात घेऊन आतला चिकट गूळ चाटत बसायचा. आई ओरडायची, "मेल्या, म्हशीला काय ठिवशील का न्हाई?" दाराआड सरू पदरात तोंड घालून हसायची. एवढीच त्यांची लाडीगोडी. पण जीव होता हो त्या दोघांचा एकमेकांवर, उगीच नाही म्हणत.

मग आलं एकोणीसशे अठराचं साल. पाऊस पाठ फिरवून गेला होता आणि मुंबईकडनं रुळावरून एक ताप आला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं मानमोडी. सकाळी बैल सोडणारा माणूस संध्याकाळी मान टाकायचा. दसरा तोंडावर आला तरी कुणाच्या दाराला तोरण नव्हतं. एकेका घरातनं दोन-दोन माणसं जात होती. खांदे कमी पडायला लागले, लाकडं कमी पडायला लागली. असल्या दिवसांत हौशीराम गँगवरून आला तो भिंतीला धरतच.

विठाबाईनं लेकाचा ताबा घेतला. आलं-तुळशीचा काढा आणि भाताची पेज. दही बंद, ताक बंद, केळ्याचं नाव काढायचं नाही. "केळं गार. छातीत कफ धरंल आन् गळाच आवळंल," ती म्हणाली. तिची आई तेच सांगायची, आईची आईही तेच सांगायची. सरूचंही तेच मत होतं. त्यात कुणाचं चुकलं म्हणायचं?

पण घरात आढ्याला पिकलेला घड टांगलेला होता आणि तो हौशीरामच्या बरोब्बर डोळ्यांसमोर होता. दुसऱ्या दिवशी त्यानं घोगऱ्या आवाजात मागितलं, "एक केळं भाजतीस का?"

"बरं व्हा आदी," सरू म्हणाली. "मग फणीच्या फणी भाजते."

तिसऱ्या दिवशी विठाबाई अडुळशाचा पाला आणायला ओढ्याला गेली होती. शेजारची हसिना दारात उभी होती. तिचा नवरा इब्राहिम बांगड्यांचा व्यापार करायचा. सरूच्या लग्नापासूनच्या सगळ्या बांगड्या हसिनानंच भरलेल्या, त्यामुळं ती बहिणीसारखी हक्कानं बोलायची. हौशीरामनं पुन्हा मागितलं ते तिनंही ऐकलं.

"अगं, कच्चं गार असंल," हसिना म्हणाली. "भाजल्यालं कुटं गार आलंय? मानूस तोंडानं मागतोय. दे एक."

सरूनं हात वर केला. केळं तिच्या मुठीत आलंसुद्धा. चुलीत आर फुललेला होता, गूळ शिंक्यावर होता, सासू ओढ्याला होती. तेवढ्यात हौशीरामला ढास लागली आणि छातीत अशी घरघर झाली की तिचा हात खाली आला.

"उद्या देते हां," ती म्हणाली. "आज छाती भरल्याली हाय. उद्या नक्की."

"उद्या," असं म्हणून त्यानं डोळे मिटले. हसिना घरी गेली.

चौथ्या दिवशी वडगावला सरकारी औषध मिळतंय असं कळलं. विठाबाईचे गुडघे धरलेले, म्हणून सरू निघाली. तिथं ही गर्दी! अर्ध्या तालुक्याची माणसं बाटल्या घेऊन उन्हात बसलेली. तिचा नंबर यायला दिवस कलला. ती अक्षरशः पळत घरी आली तेव्हा घरात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर कोंडला होता. चुलीतला आर पुढं ओढलेला होता. विठाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती, तिनं मान वळवली नाही. सरूला वाटलं, काढा उकळून घेतला असेल आणि म्हातारी दमली असेल. हौशीराम डोळे उघडत नव्हता. बाटलीचं बूच काढायची वेळच आली नाही. दिवे लागायला तो गेला.

तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फुटल्या तेव्हा हसिना आपल्या घरात दार लावून बसली. तिला ते बघवेना.

दहाव्याला पुरुष माणसं इंद्रायणीवर गेली. बायकांनी तिकडं जायची पद्धत नाही. चुलत दीर गेणूनं तीन वर्षांच्या मारुतीला, सरूच्या लेकाला, कडेवर घेतलं होतं. पिंड ठेवायचा, कावळा शिवायची वाट बघायची. शिवला तर गेलेला तृप्त. नाही शिवला तर त्याचं मन कशात तरी अडकलंय. मग जवळची माणसं हात जोडून एकेक आशा बोलून दाखवतात, तुझ्या पोराला बघू, तुझ्या आईला अंतर देणार नाही, असं. योग्य ते बोललं गेलं की कावळा येतो म्हणतात.

माणसं परतली ती ऊन उतरायला लागल्यावर. गेणू ओट्यावर पाय धूत होता. विठाबाईनं आतनं विचारलं, "शिवला का रं?"

गेणूनं तांब्या खाली ठेवला. "न्हाई काकी. लय येळ बसलो. समदं बोलून झालं. शेवटाला दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला."

विठाबाईनं डोकं भिंतीला टेकलं.  आणि सरू? सरू परसात जाऊन केळीच्या बेटात बसली. तिला सगळं समजलं होतं. पोराचं बोलले, आईचं बोलले, बायकोचं बोलले, शेताचं बोलले. केळ्याचं कोण बोलणार? ते ठाऊक होतं तिला, फार तर हसिनाला, आणि दोघींनाही नदीवर जायची बंदी! वाटलं, आत्ता उठावं, एक केळं भाजावं आणि गेणू भावजींना म्हणावं, हे घेऊन पळा. पण मग सांगावं लागलं असतं, त्यांनी तीनदा मागितलं, मी नाही म्हटलं. दोनदाच मागितलं होतं खरं तर. पण तिच्या मनात ते तीनदा झालं होतं आणि पुढं कायम तीनदाच राहिलं.

पाणवठ्यावर बायका कुजबुजल्या. हौशीरामचा जीव कशात गं अडकला? एक म्हणाली, बायकोत. दुसरी म्हणाली, बायकोनंच काही कमी केलं असेल. सरूनं घागर भरली आणि घरी आली. दुसरी म्हणाली ते तिला पटलं होतं.

वर्षं गेली. सरूची सरुबाई झाली. भाजलेलं केळं मागायला येणाऱ्याला ती कधी परतवायची नाही, ते तेव्हापासून. कुणी मागितलं की तिला तो घोगरा आवाज ऐकू यायचा. पितृपक्षात हौशीरामच्या तिथीला ती कौलांवर पान ठेवायची, त्यात गूळ घातलेलं केळं. कावळे झडप घालायचे. पण त्यानं तिचं समाधान होत नसे. पितरपाटातले कावळे कुणाच्याही पानावर तुटून पडतात, त्यात कसला आलाय निवाडा!

आणि एक गोष्ट तिला रोज खुपायची. तिनं आर पुढं ओढला की विठाबाई उठून बाहेर जायची. थंडी असो, झड असो, ओट्यावर जाऊन बसायची. भाजलेलं केळं म्हातारीनंही सोडलं होतं. लोक म्हणायचे, दात गेले. अहो, भाजलेल्या केळ्याला दात कशाला लागतात? सरुबाईनं तिच्यापुरता अर्थ लावला होता. म्हातारीला ठाऊक आहे, माझा मुलगा हिच्यापाशी मागत गेला, म्हणून तिला ही चूल बघवत नाही. चोवीस वर्षं दोघी एका चुलीवर रांधत होत्या. एकमेकींच्या केसाला तेल लावत होत्या, एकमेकींच्या दुखण्याला उठत होत्या, पावसापाण्याचं, म्हशीचं, मारुतीच्या लग्नाचं सगळं बोलत होत्या. त्या एका दिवसाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

दुसऱ्या लढाईच्या धामधुमीत, बेचाळीस सालच्या थंडीत, विठाबाई अंथरुणाला पडली. पंचाहत्तरीची म्हातारी, छातीत कफ. मारुती तळेगावात काचेच्या कारखान्यात कामाला, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी. घरात दोघीच. वैद्यानं नाडी बघितली आणि सरुबाईला बाहेर नेऊन सांगितलं, आता थोडेच दिवस, तेवढे जपायचे. दही नको, केळं नको.

केळं नको! सरुबाईच्या अंगाची लाही झाली. वैद्य वळला तशी ती परसात गेली. चांगलं पिवळंधमक केळं तोडलं, आर पुढं ओढला. म्हातारीला आज उठून बाहेर जाता येत नव्हतं. तिनं नुसती मान फिरवली. सरुबाईनं कान देऊन केळं भाजलं, उघडलं, गूळ घातला, तूप घातलं आणि पितळीत घालून सासूपुढं ठेवलं.

"आत्याबाई, खावा."

"नगं."

"मागू नका, नुसतं खावा. ह्या घरात आता कुनी केळ्यावाचून जायचं न्हाई. मी जाऊ द्यायची न्हाई."

विठाबाईनं पितळीकडं बघितलं आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "ने ते माज्या म्होरनं," ती म्हणाली. "ने गं बाई. त्यानंच माजं लेकरू मारलं."

सरुबाईला वाटलं, म्हातारी तापात बरळतेय.

"तू वडगावला गेलतीस," विठाबाई म्हणाली. मधे मधे दम घेत, पण एकेक शब्द नीट बोलत होती. "त्यो सारखा वर बघायचा, घडाकडं. तोंडानं बोलंना. नुसता बघायचा. मी आई हाय गं. किती येळ बघू? म्हनलं, जळ्ळं ते पथ्य. काढलं एक केळं. भाजलं. हातानं भरवलं. धूर केला लिंबाचा, तुला वास येऊ नये म्हनून. आन् तू यायच्या आत त्याची मान पडली. मी मारलं त्याला. मीच म्हनली व्हते कफ धरंल, आन् मीच दिलं."

 सरुबाईनं विचारलं ते एवढंच, "खाल्लं त्यांनी?"

"खाल्लं."

"अख्खं?"

"अख्खं. साल मागून घेतली आन् चाटली. हात धरवत न्हवता तरी चाटली." म्हातारीचे डोळे वाहत होते. "आन् मला इचारलं, नेहमीसारकं. आई, तू भाजलंस का तिनं? मी म्हनलं, तिनंच भाजलंय बाबा. आन् गेलीया तुज्यासाटी औशद आनायला. तवा हसला."

सरुबाईनं पदर तोंडात कोंबला. चोवीस वर्षं! तो तिच्या हातचं खाऊन गेला होता. निदान त्याला तसंच वाटत होतं. आणि ती इकडं चोवीस वर्षं रोज त्याला उपाशी मारत होती. रागही आला, खोटं कशाला बोला. म्हातारीला गदागदा हलवून विचारावं वाटलं, एवढं एक सांगायला तुमची जीभ झडली होती का? पण लगेच मनात आलं, माझी कुठं उचलली होती? मी तरी कधी म्हटलं, आत्याबाई, ते मागत होते आणि मी दिलं नाही? त्यातलं अर्धं जरी बोलले असते तरी म्हातारी ओरडली असती, अगं मी दिलं!

"आत्याबाई," ती म्हणाली, "केळ्यानं कोन मरतंय? मानमोडीनं अख्खं गाव नेलं. ज्यांनी पान्याचा थेंब घेतला न्हाई तेबी गेले. तुमी न्हाई मारलं. तुमी माजं काम केलं त्या दिवशी."

विठाबाईनं मान हलवली, पण ती समजूत काढणाऱ्याचं मन राखायला हलवावी तशी. थोड्या वेळानं तिनं सुनेचा हात घट्ट धरला. "मग कावळा का न्हाई शिवला?" ती म्हणाली. "ते सांग. त्याला कळलं व्हतं, आईनं मारलं. म्हनून रागावला. न्हाईतर का न्हाई शिवला?"

"मला वाटलं माज्यावर रागावलेत."

"तुज्यावर कशाला रागवंल? त्याला वाटत व्हतं तूच दिलं." म्हातारीनं पुन्हा विचारलं, "का न्हाई शिवला गं?"

 केळं पितळीत गार झालं. सकाळी तिनं ते म्हशीला घातलं. विठाबाई त्यानंतर दोन दिवस होती. जाग आली की सुनेकडं बघायची आणि ओठ हलवायची, आणि सरुबाईला कळायचं ती काय विचारतेय. खोटंनाटं काही तरी सांगून टाकावं, असं शंभरदा मनात आलं. पण म्हातारीपुढं खोटं बोलायला तिला जमलं नाही. विठाबाई तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिचं उत्तर राहिलंच.

दहाव्याला पुन्हा गेणू आणि मारुती नदीवर गेले. गेणू आता पन्नाशीला टेकला होता. या खेपेला ते लवकर परतले. सरुबाई दारातच उभी होती.

"झटक्यात शिवला, वैनी," गेणू ओट्यावर टेकत म्हणाला. "पिंड ठिवतोय न ठिवतोय तवर झडप. म्हातारी सुटली. आज नदीवर आपलाच एक पिंड, कावळे उपाशी. त्यांना काय, टपूनच बसल्याले."

सरुबाईनं तांब्या त्याच्या हातात दिला.  "भावजी, त्यांच्या येळंला का न्हाई शिवला?"

"दादाच्या?" गेणूनं चूळ भरली. "त्या वर्साला कुनाचाच शिवत न्हवता वो. नदीच्या काठानं रांगच्या रांग पिंडांची. वीस-पंचवीस रोजचे. कावळ्यांची पोटं तटतटल्याली, झाडावरनं हलत न्हवते. त्या आठवड्यात गावातल्या समद्यांनी दर्भाचेच केले."

"समद्यांनी?"

"समद्यांनी. आमी बघतच व्हतो की."

"मग घरी येऊन सांगितलं का न्हाई?"

गेणूनं तिच्याकडं बघितलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "त्यात काय सांगायचं बायकांना?" तो म्हणाला आणि पाय धुवायला लागला.

काय सांगायचं! गाव भरून पुरुष माणसं त्या काठावर बसली होती. भरल्या पोटाचे कावळे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितले. एकाच्याही तोंडातून घरी येऊन ते एक वाक्य निघालं नाही. आणि बायकांनी आपापल्या घरचा दर्भाचा कावळा लाजेनं झाकून ठेवला. किती घरांतल्या किती बाया त्या दर्भाच्या कावळ्यापायी मनात कुढत मेल्या असतील, देव जाणे. सरुबाई आत वळली. तिनं सगळ्यांना जेवायला वाढलं, उष्टी काढली, भांडी घासली.

माणसं पांगल्यावर तिनं परसातून दोन केळी आणली. विठाबाईचा पाट दाराजवळ तसाच होता. तिनं आर पुढं ओढला आणि कान देऊन बसली. केळी कुरकुरली, रडली, गप झाली. तिनं ती उघडली, गूळ घातला. एक पाटावर ठेवलं.

"आत्याबाई," ती रिकाम्या पाटाकडं बघून म्हणाली, "कुनी रागावलं न्हवतं वो. कावळ्यांची पोटं भरल्याली."

मग तिनं दुसरं केळं उचललं आणि खाल्लं. चोवीस वर्षांनी. खाऊन झाल्यावर ती बराच वेळ साल चाटत बसली.